आगीला काळोख लागतो

काकांनी कॅनॉपी माझ्या हातात दिली तेव्हा त्यांची एकच अट होती. "ज्वाळा खऱ्या वाटल्या पाहिजेत. ट्रकच्या मडगार्डवर असतात तसल्या नकोत."

काका माझे सख्खे काका नव्हेत. पुण्याबाहेरच्या एका माळावर आम्ही सात-आठ जण रिमोटची विमानं आणि हेलिकॉप्टरं उडवतो. रविवारी सकाळी नक्की, आणि ऑफिसातून वेळेवर सुटका झाली तर एखाद्या संध्याकाळी. तिथे सगळेच त्यांना काका म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक मॉर्निंग वॉकला लागतात, यांनी हेलिकॉप्टर घेतलं. तेही 700 साइजचं, म्हणजे एकेक पातं साधारण 700 मिलिमीटरचं. 'खेळण्यातलं हेलिकॉप्टर' असं कुणी म्हटलं की मी त्याला एक गणित घालतो. पात्यांचा घेर दीड मीटरहून थोडा जास्त, फेरे मिनिटाला 2000. पात्याचं टोक ताशी जवळजवळ 600 किलोमीटरनं फिरत असतं. 2013 साली न्यू यॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या एका पार्कात, 19 वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच अशा हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला.

कॅनॉपी म्हणजे या यंत्राच्या नाकावर बसणारं फायबरग्लासचं हलकं टरफल. आतली बॅटरी आणि वायरी झाकायच्या आणि छान दिसायचं, एवढंच तिचं काम असं मला तेव्हा वाटायचं.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री एअरब्रश चालवतो. कॉम्प्रेसर पेणच्या एका गणपती कारखान्यातून सेकंडहँड आणलाय. मूर्तींच्या अंगाचा रंग मारून मारून त्याची टाकी गुलाबी झाली आहे, ती मी मुद्दाम पुसलेली नाही. काकांची कॅनॉपी हे तोवरचं माझं सगळ्यात मोठं काम होतं.

मडगार्डवरच्या ज्वाळा काकांना का नको होत्या ते मला लगेच कळलं. अमेरिकेत 1950च्या दशकात व्हॉन डच आणि त्याच्यासारख्या पेंटरांनी हॉट रॉड गाड्यांवर ज्या ज्वाळा लोकप्रिय केल्या, त्या सपाट असतात. एक रंग, ठसठशीत कडा, भोवती बारीक रेघ. ती ज्वाळा नसते, ज्वाळेची सही असते. खऱ्या ज्वाळेला कड नसतेच. ती कुठे संपली हे बोट ठेवून दाखवता येत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या माइक लव्हाली नावाच्या पेंटरनं 'ट्रू फायर' या नावानं जी पद्धत प्रसिद्ध केली, ती या एका गोष्टीभोवती फिरते. मी तीच वापरली.

आधी सगळी कॅनॉपी काळी करायची. मग एअरब्रश हातात सैल धरून, वळणावळणाच्या स्टेन्सिलची कड नुसती टेकवत, तांबूस नारिंगी ज्वाळा काढायच्या. अर्ध्या स्टेन्सिलनं, अर्ध्या मोकळ्या हातानं, म्हणजे काही कडा तीक्ष्ण येतात आणि काही धुरात विरतात. त्यावर पारदर्शक लाल रंगाचा हलका थर. तो पडला की आधीच्या ज्वाळा पाण्याखाली गेल्यासारख्या खोल जातात. मग त्यांच्यावर थोड्या उजळ, थोड्या कमी ज्वाळा. पुन्हा पारदर्शक थर, आता नारिंगी. शेवटी दोन-चार ठिकाणीच पिवळा. हा पिवळा फार झाला की सगळं मुसळ केरात, कारण डोळ्याला आग वाटते ती पिवळ्यामुळे नाही, तो किती कमी आहे त्यामुळे. सातव्या रात्री मी लाइट बंद करून टेबलावरचा दिवा लावला आणि खरं सांगतो, हात मागे घेतला.

हे असं का होतं याचं कारण साधं आहे. मेणबत्तीची ज्वाळा पिवळी दिसते कारण तिच्यातले काजळीचे कण तापून स्वतः प्रकाशतात. रंगाला ते जमत नाही. बाहेरून पडलेला प्रकाश कमी-जास्त करून परत पाठवणं एवढंच तो करू शकतो. मग प्रकाश 'काढायचा' कसा? आजूबाजूला अंधार करून. जितका काळा जास्त, तितकी आग खरी. पांढऱ्या कॅनॉपीवर लव्हाली स्वतः आला असता तरी त्याला पेटती आग काढता आली नसती.

आणि इथेच घोळ आहे, कारण हेलिकॉप्टर टेबलावर उडत नाही.

साठ-सत्तर मीटरवर गेल्यावर हेलिकॉप्टरचं नाक तुमच्याकडे आहे की शेपूट, ते सुलटं आहे की उलटं, हे फक्त रंगावरून कळतं. विमान निदान पुढेच जातं. हेलिकॉप्टर पुढे, मागे, आडवं, पाठीवर, कसंही जातं. नाक तुमच्याकडे असलं की डावं-उजवं आणि पुढे-मागे सगळं उलट होतं. म्हणून मुरलेले लोक कॅनॉपी भडक फ्लुरोसंट पिवळी किंवा गुलाबी करतात, पोटाला मुद्दाम वेगळा रंग देतात. दिसायला ती लग्नाच्या बँडवाल्यांसारखी दिसतात. पण दिसतात.

मला हे माहीत होतं. मुद्दा तोच आहे. वर्षभरापूर्वी माझंच छोटं हेलिकॉप्टर मी याच कारणानं बाभळीत घातलं होतं. काम अर्ध्यावर असताना आमच्यातल्या एकानं फोटो पाहून विचारलंही, "संध्याकाळी दिसेल का रे हे?" मी म्हणालो, "काका अनुभवी आहेत." हे उत्तर नव्हतं, हे मला बोलतानाच कळलं होतं.

फेब्रुवारीतली संध्याकाळ, साडेसहा. सूर्य टेकडीमागे गेलेला. काकांचं हेलिकॉप्टर दूर एका जागी स्थिर होतं आणि तिथून ते एक काळा ठिपका होतं. ज्वाळाबिळा काही नाही. काकांना वाटलं शेपूट आपल्याकडे आहे, म्हणून त्यांनी ते जवळ आणायला स्टिक मागे ओढली. नाक आपल्याकडे होतं. हेलिकॉप्टर आणखी लांब गेलं. त्यांनी आणखी ओढली. माळाच्या कडेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा शेरडं घेऊन परत चालला होता. कुणीतरी ओरडलं. काकांनी मोटर बंद करायचं बटण दाबलं आणि ते दगडासारखं खाली आलं. मुलापासून बारा पावलं. मी नंतर मोजली.

शेरडं पांगली. पोरगा मात्र पळाला नाही. त्यानं पात्याचा तुटका तुकडा उचलला, चालत आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, हे तुमचं."

नंतरच्या तीन आठवड्यांत माझ्या डोक्यात मी माझा खटला लढवत होतो. वकील मीच, त्यामुळे बाजू भक्कम होती. एक, ज्वाळा त्यांनीच मागितल्या. दोन, उडवत ते होते. तीन, झालं काहीच नाही.

पहिला मुद्दा आमच्या धंद्यात रोज वापरला जातो. क्लायंटनं लिहून दिलंय, आपण बनवलं. पण शेरडं राखणाऱ्या मुलानं काहीही मागितलं नव्हतं. दुसऱ्या मुद्द्यावर मला प्लेटो आठवला. (इंजिनिअरिंगला असताना परीक्षेच्या आदल्या रात्री नको ती पुस्तकं वाचायची सवय होती, तिचा हा उपयोग.) 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात तो लगामाचं उदाहरण देतो. लगाम कसा हवा हे घोडेस्वाराला कळतं. तो बनवणारा स्वाराचं ऐकून बनवतो. लगामाचं चित्र काढणाऱ्याला मात्र यातलं काही कळत नाही, त्याला फक्त दिसण्याशी मतलब. चित्रकारावर हा मोठाच अन्याय आहे असं मला नेहमी वाटायचं. आता वाटतं, प्लेटोनं त्याला सवलतच दिली आहे. त्याच्या चित्रकाराला माहीत नसतं. मी दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर उडवणारा माणूस होतो, मला स्वाराचं ज्ञान होतं. ते मी सात रात्री बाजूला ठेवलं, कारण ते मधे आलं असतं तर काळा रंग गेला असता आणि काळा गेला असता तर आग गेली असती. कॅनॉपीचा फोटो टाकल्यावर मिळालेली वाहवा टेबलापासून पंधरा सेंटिमीटरवरून पाहणाऱ्यांची होती. मी त्यांच्यासाठीच रंगवलं होतं. काका साठ मीटरवर उभे होते.

तिसरा मुद्दा सगळ्यात चिवट. टॉमस नेगल या तत्त्वज्ञानं ब्रेक न तपासता ट्रक चालवणाऱ्या माणसाबद्दल लिहिलं आहे. रस्त्यात मूल आलं तर तो आयुष्यभर गुन्हेगार, नाही आलं तर नुसता निष्काळजी. चूक तेवढीच, फरक नशिबाचा. मला यात एक भर घालावीशी वाटते. नशीब चांगलं निघालं की चूक लहान होत नाही, फक्त कुणी विचारायला येत नाही. ऑफिसात सर्व्हर पडला तर आम्ही कारणमीमांसेचं डॉक्युमेंट लिहितो. पडता पडता राहिला तर चहाला जातो.

मलाही कुणी विचारायला आलं नाही. उलट काका म्हणत राहिले, "माझीच चूक. वय झालं, डोळे गेले." मी मान खाली घालून तुटलेले स्क्रू वेचत होतो. मग ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: हेलिकॉप्टर दुरुस्त करून विकायचं आहे, कुणाला हवं असेल तर सांगा. त्याखाली, डोळे तपासून आलो, नंबर वाढलेला नाही पण आता भरवसा वाटत नाही.

हे वाचेपर्यंत मी 'गप्प बसलो' असं स्वतःबद्दल म्हणू शकत होतो. आता माझ्या गप्प बसण्याचं बिल दुसरं कुणी भरत होतं. एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता आणि त्यातला निदान काही भाग माझ्या काळ्या रंगात होता.

त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. फोटो पाहून आलेला तो प्रश्न, माझं उत्तर, बाभळीतलं हेलिकॉप्टर. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा का नाही बोललास?"

"फार छान होत होत्या काका."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी आणलेल्या पोह्यांवरची शेव मऊ पडली. "मला तरी काळा कुठे दिसत नव्हता," ते शेवटी म्हणाले. "मी पण मोबाइलवरच बघत बसलो होतो." हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं की खरंच, मला सांगता येणार नाही. मी ते माझ्या बाजूचा पुरावा म्हणून धरलेलं नाही.

त्यांनी आतून नवी, पांढरी कॅनॉपी आणली. विकण्याचं काय ते मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. ज्वाळांचा हट्ट मात्र कायम. मी फ्लुरोसंट पिवळा मारला, त्याखाली पांढराच लागतो. पोटाला गुलाबी. पिवळ्यावर नाकाकडून मागे जाणाऱ्या लाल ज्वाळा काढल्या, मडगार्डवाल्या, ठसठशीत कडांच्या, भोवती बारीक रेघ. दोन संध्याकाळींत काम संपलं.

काकांनी कॅनॉपी उजेडात धरून फिरवून पाहिली. "देव्हाऱ्यात हळदीकुंकू सांडल्यासारखं झालंय," म्हणाले आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला उठले.