बोलर्सची रांग छोटी होती

दहावीचा निकाल लागला की डोंबिवलीत क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात. पासपोर्ट साइझचे फोटो आणि खाली टक्के, तेही दशांशचिन्हासकट. बोर्डाने गुणवत्ता यादी कधीच बंद केली. फ्लेक्सवर ती अजून दरवर्षी लागते. सत्तर टक्केवाल्याच्या फोटोवर अर्थातच कोणी पैसे खर्च करत नाही.

कोवळ्या वयातच हुशार कोण ते ठरवून टाकण्याची ही घाई एकेकाळी रास्तही होती. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना एकविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या. आयुष्याचाच भरवसा नव्हता, त्या काळात 'होईल सावकाश' म्हणणं कोणाला परवडणार?

विसाव्या शतकात आयुर्मान वाढलं. घाई मात्र कमी झाली नाही, उलट तिला शास्त्राचा टेकू मिळाला. लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक मोजून सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि त्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. ते मिळालं चाचणीत न बसलेल्या दोघांना, विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ यांना! १९८५ मध्ये बेंजामिन ब्लूमने १२० नामवंतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत पियानोवादक होते, जलतरणपटू होते, गणितीही होते. पण लहानपणीच 'हा पुढे नाव काढणार' असं वाटावं, असे फार थोडे होते. आर्ने ग्युलिश आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र केली. जागतिक दर्जाचे खेळाडू राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांपेक्षा आपल्या खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही संथ होती.

यातलं काही मध्य रेल्वेवरच्या प्रवाशाला सांगायला नको. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे संघात असूनही १६ कसोटी बाहेर बसला आणि २०१३ मध्ये संधी मिळाली, तेव्हा दोन डावांत ७ आणि १ करून परतला. कल्याणचा तुषार देशपांडे २००७ मध्ये शिवाजी पार्कला चाचणीसाठी गेला तो बॅट्समन व्हायला. बॅट्समनची रांग लांबलचक होती, बोलर्सची छोटी. घरी परतायला उशीर नको म्हणून पोरगं छोट्या रांगेत उभं राहिलं. भारताकडून पहिला सामना खेळायला त्याला जुलै २०२४ उजाडलं.

पण खरा नमुना ठाण्याच्या वेशीवरच्या मुलुंडचा. प्रवीण तांबे तिशीपर्यंत मध्यमगती गोलंदाज होता, मैदानावर शेकड्याने असतात तसला. ओरिएंट शिपिंगच्या संघात कर्णधार अजय कदम यांनी त्याला लेगस्पिन टाकायला लावली. तिशीत अख्खी गोलंदाजी बदलायची, हे धाडस नाव झालेल्या माणसाला सहसा जमत नाही. तांबेकडे गमावण्यासारखं नावच नव्हतं! २०१३ मध्ये, एकही रणजी सामना न खेळता, एकेचाळिसाव्या वर्षी तो राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला. पुढच्या मेमध्ये कोलकात्याविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली. तीही दोनच अधिकृत चेंडूंत, कारण मनीष पांडे वाइडवर यष्टिचीत झाला होता.

ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, सिनेमाही निघाला. जिद्द होतीच. पण तितकीच मोलाची होती ती खालची व्यवस्था: १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग, टाइम्स शील्ड, आणि नोकरी देऊन खेळू देणाऱ्या कंपन्या. सामान्य खेळाडूला ती हाकलत नव्हती. मफतलाल, निर्लॉन यांच्या संघांचा एके काळी मैदानावर दबदबा होता. आता ती नावं जुन्या लोकांच्या गप्पांतच ऐकू येतात. रात्री साडेनऊला लोकलमधून डोंबिवलीला उतरणाऱ्या आजच्या तिशीतल्या गोलंदाजाने लेगस्पिन शिकायचं ठरवलं, तर त्याला टाकू कोण देणार?