बंद कागद, खुला कोश

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस केंद्राची मंजुरी आली आणि उस्मानाबाद शहर धाराशिव झालं. जिल्हा आणि तालुका यांची महसुली नावं मात्र सप्टेंबरच्या अधिसूचनेपर्यंत तीच राहिली. मधले महिने कागदोपत्री शहर धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद होता. पुढे मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप करायला नकार दिला. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२३ या मधल्या काळात विकिपीडियावर कुणी कुठलंही नाव लिहिलं असतं तरी दुसऱ्या बाजूला ते खोडता आलं असतं, आणि खोडणाऱ्याच्या हातातही सरकारी कागदच असता.

कुणालाही संपादन करता येणाऱ्या कोशावर राजकीय वादाच्या बाबतीत विश्वास ठेवावा का, हा प्रश्न मला म्हणूनच वेगळ्या तऱ्हेनं विचारावासा वाटतो. २००५ साली ‘नेचर’ नियतकालिकानं विज्ञानाच्या ४२ नोंदी तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार आणि ब्रिटानिकात तीन चुका निघाल्या. पण पदार्थविज्ञानाच्या नोंदीवर निवडणूक लढवली जात नाही. गावाच्या नावावर लढवली जाते.

नावाचीच गोष्ट घ्या. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी गादीवर आल्यावर गावाला आपलं नाव दिलं, असं सर्रास सांगतात. ते गादीवर आले १९११ मध्ये. ‘इम्पीरियल गॅझेटिअर’च्या १९०८ च्या खंडात उस्मानाबाद जिल्ह्याची नोंद आधीच आहे, पूर्वीचं नाव नळदुर्ग असं सांगून. तेव्हा गादीवर त्यांचे वडील महबूब अली खान होते आणि उस्मान अली वारसदार. नाव त्यांच्यावरूनच पडलं असं मानलं, तरी ते निजाम होण्याआधी पडलं होतं. यानं नामांतराच्या कुठल्याच बाजूचं पारडं जड होत नाही. दिसतं एवढंच, की हजार वेळा सांगितलेली गोष्टही तपासल्याशिवाय घेता येत नाही. कोशात कुणी संदर्भ मागणारा जागा असेल तर अशी चूक पकडली जाते. नसेल तर वर्तमानपत्र कोशावरून उतरवून घेतं आणि कोश त्याच वर्तमानपत्राचा दाखला देतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे, पण तिथे नेमानं राबणारे हात थोडे आहेत. जिल्ह्यांच्या नोंदींना याची झळ सर्वांत जास्त बसते.

तरीही या कोशाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली निघालेल्या ‘मराठी विश्वकोशा’त नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, पण संपादकांच्या बैठकीत काय गाळलं गेलं ते वाचकाला कधी कळत नाही. विकिपीडियावर प्रत्येक बदल तारखेसह राहतो, आणि चर्चा पानावरचं भांडणही राहतं. वादग्रस्त विषयात मी आधी ते भांडण वाचतो, मग नोंद.

पण धाराशिवचा खरा वाद नावाहून खोल आहे. तो १९४८ चा आहे. निजामाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ आणि खून इथल्या गावांनी भोगले आहेत. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतीय लष्कराच्या ‘पोलीस ॲक्शन’पुढे शरण आलं, त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला, हेही तितकंच खरं आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. सरकारनं तो अहवाल छापला नाही. कित्येक दशकं तो बंद राहिला.

अशा ठिकाणी कोशानं काय करावं? त्याचा नियम असा, की प्रकाशित आणि विश्वासार्ह साधनांत जे आहे तेच, त्या त्या साधनाच्या वजनाप्रमाणे मांडायचं. स्वतःचं संशोधन घालायचं नाही. नियम योग्य आहे, तो नसता तर कोश केव्हाच गटांच्या ताब्यात गेला असता. पण त्याची किंमत जिल्ह्यानं मोजली आहे. रझाकारांच्या भीतीनं रातोरात घर सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेलेल्या बाईची आठवण तिथे बसत नाही, आणि पोलीस ॲक्शननंतर बाप गमावलेल्या मुलाचीही बसत नाही. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक आहे, पण ते न वाचताच इंग्रजी नोंदीत आकड्यांवर हमरीतुमरी करता येते. एका बाजूला सुंदरलाल समितीचा आकडा, दुसऱ्या बाजूला त्यावर काट. गावागावांतून काय घडलं त्याची छापील नोंद दोघांकडेही फारशी नाही. उघड्या कोशाला बंद कागदाच्या पलीकडे जाता येत नाही, आणि त्याचा दोष संपादकांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या विकिपीडियावरच्या नोंदीवरून संताप उसळला तेव्हा राज्य सरकारनं सायबर पोलिसांकरवी नोटीस धाडली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. संताप मी समजू शकतो. पण संभाजी महाराजांची बखरींनी रंगवलेली प्रतिमा मोडून काढली ती वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्रानं आणि त्यामागच्या कित्येक वर्षांच्या कागदपत्रांच्या शोधानं. कमल गोखले यांनी ते काम पुढे नेलं. ही पुस्तकं नोंदीच्या तळटिपांत नेऊन ठेवणं हे नोटिशीहून कठीण काम आहे, पण नोंद त्यानंच सुधारते. नोटिशीमुळे नोंद सुधारणारा संपादक पळून जातो आणि वाद पेटवणारा टोपणनावानं परत येतो.

१९४८ च्या वादासाठीही असंच छापील साधन हवं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीकडे झुकलं आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, तुळजापूर आणि धाराशिव या आठही तालुक्यांत अशी माणसं अजून हयात आहेत. गावाचं नाव, तारीख, सांगणाऱ्याचं वय आणि पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं याची फोड करून त्यांच्या जबान्या छापल्या पाहिजेत. रझाकारांनी पोळलेल्या घरांच्या आणि सप्टेंबरनंतर पोळलेल्या घरांच्या जबान्या एकाच ग्रंथात, एकाच टाइपात, पुराव्याच्या एकाच कसोटीवर घासून. कुठल्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाला हे पेलण्यासारखं आहे. तो ग्रंथ निघाला की कोशातल्या भांडणाला पहिल्यांदाच धाराशिवचा स्वतःचा दाखला मिळेल.