भयानकाचा आस्वाद

शाकुंतलांतील बाणाच्या धास्तीनें पळणाऱ्या हरिणाचें भय कोणा एकाचें उरत नाहीं, देशकालाचीं बंधनें त्याला राहत नाहींत, म्हणूनच रसिकास तें चाखतां येतें, असें अभिनवगुप्ताचें विवेचन आहे. परंतु गायकाचें भय खरोखर त्याचें एकट्याचें असेल तर?

टेक्सस प्रांतींचा रॉकी एरिक्सन (१९४७–२०१९) १९६९ सालीं गांजाच्या एका विडीपायीं पकडला गेला. तुरुंग टळावा म्हणून वेडाचा बचाव केला, आणि १९७२ पर्यंत रस्क येथील वेड्यांच्या इस्पितळांत अडकला. सुटल्यावर त्यानें पिशाच्चांचीं, रक्तपिपासूंचीं, दोन डोक्यांच्या कुत्र्याचीं गाणीं रचलीं. 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी' हें नांव १९४३ सालच्या एका चित्रपटाचें. गाणें म्हणजे बहुतांशीं तेंच वाक्य पुनःपुन्हा घोळविलेलें. कागदावर केवळ पोरकट! कानीं पडतांच मात्र तो जप वाटतो, आणि चाल तर चक्क गोड आहे. स्वतःच्या भीतीला त्यानें स्वस्त चित्रपटांतले, सर्वांच्या ओळखीचे मुखवटे चढविले; साधारणीकरण म्हणतात तें याहून निराळें काय असतें?

त्याच्या वेडालाच प्रतिभेचा दाखला मानणाऱ्या भक्तांशीं मात्र माझें जमत नाहीं. लंडनच्या बेडलममध्यें पूर्वीं लोक वेडे पाहावयास जात, त्यांतलीच ही हौस. १९८२ मध्यें, आपल्या देहांत मंगळवासी शिरला आहे, असें लेखी निवेदन त्यानें रीतसर साक्षांकित करून घेतलें. भक्त तेंही कौतुकानें सांगतात. त्या कागदाला चाल नाहीं, ताल नाहीं. तो वाचून मला नुसतें वाईट वाटतें.