काजव्यांचा हंगाम आणि ग्रामसभेचा अखत्यार

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती, मे महिन्याच्या अखेरीस हिरडा, बेहडा आणि सादडा या वृक्षांवर काजवे लखलखू लागले, की दरवर्षी एकच चर्चा सुरू होते : गर्दी किती झाली, प्लास्टिक किती साचले, वाहनतळ कोठे असावा. ज्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या शिवारात हे सारे घडते, त्यांचा उल्लेख तीत यजमान म्हणून होतो, मजूर म्हणून होतो. धनी म्हणून होत नाही. कचराकुंड्यांनी हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि आदिवासींनी जगापासून अलिप्तच राहावे असे म्हणणाऱ्यांनी जलाशयाकाठच्या रतनवाडीच्या एखाद्या तरुणास तसे विचारून पाहावे.

गंभीरपणे खोडून काढावे असे मत एकच, आणि ते सद्भावनेने मांडले जाते म्हणूनच अधिक घातक : पर्यटनाने रोजगार मिळतो, रोजगाराने स्थलांतर थांबते आणि स्थलांतर थांबले की संस्कृती आपोआप टिकते. भातकापणी आटोपल्यावर या डोंगरांतील कुटुंबे नारायणगावकडच्या बागायतीत मजुरीस उतरतात, ती घरी हाताला काम नसलेल्या कोरड्या महिन्यांत. पर्यटकांची झुंबड मात्र उडते ती मृगाच्या आसपास, भाजलेल्या राबावर भाताचे बी टाकण्याच्या ऐन दिवसांत, आणि पुन्हा आषाढ-श्रावणात, जेव्हा खाचरांत आवणी चाललेली असते. म्हणजे घरी काम नसते तेव्हा हा रोजगार बहुतांशी नसतो, आणि येतो तेव्हा शेतीचेच हात मागतो. हिवाळ्यात जलाशयाकाठी तंबू लागतात आणि काही घरांत त्यांतून पैसा येतो, हे मी नाकारीत नाही. परंतु पैसा आला म्हणजे संस्कृती टिकली, हा निष्कर्ष कोठून निघतो? वाघबारसेचा सण आश्विन वद्य द्वादशीस येतो, पाहुण्यांच्या सोयीच्या शनिवारी नव्हे. आणि मागणीबरहुकूम उभी केलेली बोहाडा उत्सवातील सोंगे ही देवाची सोंगे राहत नाहीत.

मुळात मिळकत आणि अखत्यार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली देऊन दुसरी काढून घेण्याची रीत या खोऱ्यास नवी नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे विल्सन धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली गेले आणि ऊस खालच्या तालुक्यांत पिकला. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. प्रत्येक वेळी मजुरी मिळाली असेल, मोबदलाही मिळाला असेल. निर्णय मात्र इतरत्र झाला. मिळकतीत वाटा मिळूनही ज्यास ‘नको’ म्हणता येत नाही, तो आपल्याच गावात चाकर ठरतो.

हे नको म्हणणे काल्पनिक नाही. ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ साली बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. ऑस्ट्रेलियात अनंगू लोकांच्या पवित्र उलुरू शिळेवरील चढाई २०१९ पासून बंद आहे, आणि तरीही प्रवासी तेथे जातातच. आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने तर सामूहिक वनात कोणी यावे-जावे याचे नियमन करण्याचा आणि वन्यजीवांस अपायकारक कृती थांबविण्याचा अधिकार ग्रामसभेस स्पष्ट शब्दांत दिला आहे. काजव्यांचे नर-मादी प्रकाशाच्या संकेतांनी एकमेकांस शोधतात आणि मोटारींच्या दिव्यांनी तो संकेत बुजतो. अपायकारक कृतीचे याहून उघड उदाहरण शोधावे लागू नये.

तेव्हा पुढील हंगामापूर्वी घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे येथील ग्रामसभांनी वाहने किती, कोणत्या वाटेने आणि कोणत्या प्रहरापर्यंत, याचे ठराव करावेत, आणि वनखात्याने व जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांची अंमलबजावणी करावी. एखाद्या वर्षी कोणीच येऊ नये असा ठराव झाला, तर त्याचीही.