समेट आणि न्याय

वर्गात दोन मुले भांडतात. शिक्षक दोघांना पुढे बोलावतात, परस्परांची माफी मागायला लावतात, हात मिळवायला सांगतात आणि पाठ पुढे सुरू होतो. शांतता झाली खरी. परंतु ज्या मुलाचा डबा रोज हिसकावला जात होता, त्याने यातून काय शिकावे? आपणही माफी मागायची, कारण आपण तक्रार केली, एवढेच ना? विद्यार्थ्यांना तंटे सोडवण्याचे शिक्षण शाळेतच मिळावे, हा विचार स्तुत्य आहे. मात्र भांडण थांबवणे आणि भांडण मिटवणे यांतला भेद त्या शिक्षणात असायला हवा.

दिव्य कुरआनातील सूरह हुजुरातच्या 9 व्या आयतीत श्रद्धावंतांच्या दोन गटांत लढाई झाल्यास समेट घडवण्याचा आदेश आहे. एका गटाने आगळीक चालूच ठेवली तर आधी त्याला रोखावे आणि तो माघारी वळला की पुन्हा समेट करावा. या आयतीत समेटाचा आदेश दोनदा येतो व दुसऱ्यांदा त्याला न्यायाची अट जोडलेली आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे.

सर्वच तंटे एका जातीचे नसतात. काबागृहाच्या पुनर्बांधणीच्या वेळी हज्रे अस्वद कोणी बसवावा, यावरून कुरैशांच्या घराण्यांत वाद पेटला. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो पाषाण चादरीवर ठेवला, प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला चादरीची कड धरायला दिली आणि शेवटी स्वहस्ते तो जागी बसवला. तिथे कोणावर अन्याय झालेला नव्हता. मान सर्वांनाच हवा होता, म्हणून तो वाटून देता आला. पहिला बाक कोणाचा, संघाचा कप्तान कोण, असे वाद या प्रकारचे. पण जिथे एकाने दुसऱ्याला लुबाडले आहे, तिथे चादर उपयोगी पडत नाही. तिथे हात रोखावा लागतो. अत्याचारी बांधवालाही मदत करा आणि ती मदत म्हणजे त्याला अत्याचारापासून रोखणे, ही प्रेषितांची (स.) शिकवण याच प्रसंगासाठी आहे.

कोणी म्हणेल, क्षमा श्रेष्ठ नव्हे काय? निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु क्षमा करण्याचा अधिकार ज्याला इजा झाली त्याचा आहे. शिक्षकाने, पालकाने किंवा इमामाने ती त्याच्या वतीने देऊन टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेतून दान करणे होय.

हे मुलांना शिकवता येते. ह. अली (रजि.) यांना यमनमध्ये न्यायदानासाठी पाठवताना प्रेषितांनी (स.) बजावले होते की, दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याखेरीज निवाडा देऊ नये. वर्गात हाच पहिला धडा असावा: दोघांनी आळीपाळीने बोलावे आणि प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून दाखवावे. मग हानी कोणाची झाली ते ठरावे, घेतलेली वस्तू परत व्हावी आणि त्यानंतरच हात मिळवले जावेत. याच सूरहमध्ये ऐकीव बातमीची शहानिशा करणे, कोणाची टर न उडवणे, वाईट टोपणनावे न ठेवणे आणि पाठीमागे निंदा न करणे हेही सांगितले आहे. वर्गातील बहुतेक भांडणांचे मूळ इथेच सापडते.

जे मूल न्यायाविना शांत बसायला शिकते, ते मोठेपणी एक तर अन्याय मुकाट्याने सोसते किंवा संधी मिळताच स्वतः करू लागते. अल्लाह आपल्या मुलांना न्यायासह समेट घडवणारे बनवो. आमीन.