कोंबड्याची बाजू

उलट्या पिसांचा कोंबडा आमच्या निपाणी भागात आता क्वचितच दिसतो. असतो गावठीच. तांबडी-सोनेरी मान, काळी-हिरवी शेपटी, एकेरी तुरा. फक्त पिसं अंगाला लागून बसत नाहीत, टोकं बाहेर वळलेली. पिसातल्या केरॅटिनच्या एका जनुकात बदल झाला की असं होतं, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं. भगताचं म्हणणं वेगळं. करणी उतरवायची, बाधा काढायची, तर हाच कोंबडा आणा. चारचौघांसारखा दिसला असता तर बिचारा जगला असता.

त्याचं कोलाज मी एका पोस्टकार्डावर करत होते. माझी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. आता पुण्याच्या नातवाला अधूनमधून असं कार्ड पाठवते. त्याने कोंबडा पाहिलाय तो चिकन सेंटरच्या पाटीवर: डोक्यावर आचाऱ्याची टोपी, हातात काटा-चमचा, आणि स्वतःच्याच मरणावर खूश. ते चित्र काढणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पन्नास पैशांचं कार्ड, लांबी चौदा सेंटिमीटर, रुंदी नऊ. तुऱ्याला बिडीबंडलाच्या लेबलाचा लाल कागद, मानेला लग्नपत्रिकेची सोनेरी किनार, छातीला वर्तमानपत्र, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी, कारण घरात दोन्ही येतात. पिसं शेपटीकडून मानेकडे लावत यायचं, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पुढचं पीस मागच्याचं बूड झाकतं. या कोंबड्याला आणखी एक करावं लागतं. खळ फक्त बुडाला लावायची आणि सुटं टोक कात्रीच्या पाठीवरून ओढून वर वळवायचं. खळ मी घरीच करते, गव्हाच्या पिठाची.

तिथंच जाऊबाईंनी मला पकडलं. “आगं, कोंबडा करायलीस, तो पण कात्री घेऊन, आणि वर पिठाची खळ? यशोधराची गोष्ट इसरलीस व्हय?”

आमचं घर दिगंबर जैन. दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली जिथं स्थापन झाली ते स्तवनिधी इथून हाकेच्या अंतरावर. यशोधराची गोष्ट आमच्याकडे आज्यांकडून नातींकडे येते. ग्रंथांतही ती जुनी आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली ती संस्कृतात लिहिली. बेळगावच्या किल्ल्यातलं आमचं जैन मंदिर, कमलबस्ती, १२०४चं. त्यानंतर पाचच वर्षांनी होयसळांच्या दरबारातल्या जन्न कवीने ती कानडीत आणली. गिरीश कर्नाडांनी १९८०च्या सुमाराला तिच्यावर नाटक केलं, ‘हिट्टिन हुंज’.

यशोधर राजाची आई म्हणते, अरिष्ट टळायला देवीला बळी दे. राजाला जीव घ्यायचा नाही आणि आईलाही दुखवायचं नाही. मग तोडगा निघतो, पिठाचा कोंबडा. तो कापला जातो. पुढे राणी मायलेकांना विष घालते, आणि दोघं मोर, कुत्रा, साप, मासा असे जन्म घेत पुन्हा पुन्हा मारले जातात. शेवटी दोघं कोंबड्याच्याच जन्माला येतात. त्या जन्मी एका मुनींचा उपदेश कानावर पडतो, मागचे जन्म आठवतात आणि आनंदाने ती आरवतात. तो आवाज ऐकून राजा शब्दवेधी बाण सोडतो. हा राजा म्हणजे यशोधराचाच मुलगा.

पिठाला जीव नव्हता, मग शिक्षा कशाची? आमच्या शास्त्राचं उत्तर ठरलेलं आहे. हिंसा दोन प्रकारची: प्रत्यक्ष जीव जातो ती द्रव्यहिंसा आणि मनात होते ती भावहिंसा. अमृतचंद्रसूरी तर म्हणतात की जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली चुकून जीव गेला तरी ती हिंसा नव्हे, आणि मनात राग-लोभासारखा कषाय उठला तर समोर कोणी मरो न मरो, हिंसा झालीच. राजाने पिठावर शस्त्र चालवलं तेव्हा त्याच्या मनात कोंबडा होता.

या न्यायाने मी सुटते. माझ्या मनात कापायचं होतं ते लेबल. पण जन्नाच्या काव्यात एक जागा आहे, तिथं मी चित्रकलेची बाई म्हणून अडते. पिठाचा कोंबडा इतका देखणा उतरतो की एक पिशाच्च त्याच्यावर भाळून आत शिरतं, आणि घाव बसताच तो आरवतो. म्हणजे तो जिवंत भासला तो घडवणाऱ्याच्या हातगुणामुळे. त्या कारागिराचं पुढे काय झालं, याची कथेला फिकीर नाही. राजाच्या जन्मांचा हिशेब आहे, आईच्या जन्मांचा आहे, कारागिराचा नाही. मला वाटतं, हे बरोबरच आहे. पिठाला चोच काढताना त्याने कोंबड्याकडे जेवढं निरखून पाहिलं असेल तेवढं राजाने कधीच पाहिलं नसणार.

गळून पडलेलं एक खरं पीसही मी शेपटीत लावलं. जाऊबाईंनी नाक मुरडलं. पण आमच्या मुनींच्या हातातला कुंचा, म्हणजे पिंछी, मोराने आपणहून टाकलेल्या पिसांचाच असतो की!

एक गोष्ट मात्र मला शास्त्रातही सापडत नाही. द्रव्य आणि भाव हा सगळा जमाखर्च मारणाऱ्याच्या खात्यावरचा. कोंबड्याला कोणी विचारलेलं नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर पिठाचा कोंबडा कापला गेला त्या दिवशी एक खरा कोंबडा उकिरड्यावर दाणे टिपत राहिला. राजा नरकात जावो की स्वर्गात, त्याला काय त्याचं?

देवळात आणि देवळाच्या आवारात बळी द्यायला कर्नाटकात १९५९च्या कायद्याने बंदी आहे. आवाराबाहेर काय चालतं ते जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर कोणी म्हणालं की कोंबड्याऐवजी कोहळा कापा, तर आमच्यातलेच काही जाणते यशोधराचा दाखला देतात: भाव तोच, मग पापही तेच, नुसत्या बदलाने काय साधणार? मला हे पटत नाही. भाव शुद्ध व्हायला माणसाला किती जन्म लागतील ते लागोत, तोवर कोंबड्यांनी माना का द्यायच्या? यंदा जत्रेला निघाल तेव्हा कोहळा घेऊन जा. भावाचं नंतर बघू.