उसन्या दयेचे जहाज

अंधेरीला आमच्या घरावरून रात्रभर विमाने जातात. आता त्यांच्या आवाजाने झोपमोड होत नाही. तरी २ एप्रिल २०१५ च्या पहाटे सहारला उतरलेले एक विमान मनात राहून गेले आहे. मी ते पाहिले नाही, वर्तमानपत्रात वाचले. येमेनच्या लढाईतून सुटलेली माणसे त्यात होती. एडनहून जिबूतीपर्यंत त्यांना नौदलाच्या ‘सुमित्रा’ने आणले होते, पुढे हवाईदलाने.

मी कौतुकाने शेजारच्या मास्तरांना हे सांगायला गेलो. मास्तर म्हणाले, “खाटकाच्या सुरीने कोणा अडलेल्या बाईच्या बाळाची नाळ कापली, तर सुरीला सुईण म्हणाल का?”

मास्तरांशी वाद घालणे म्हणजे फळ्याकडे पाठ करून उत्तर देणे. मी आकड्यांचा आधार घेतला. त्या मोहिमेत सुमारे ५६०० माणसे सुटली आणि त्यांत ४१ देशांचे ९६० परदेशी होते. शिडी सोडली ती केवळ आपल्यांसाठी नव्हे. शिवाय कोचीहून ‘कवरत्ती’ आणि ‘कोरल्स’ ही दोन साधी प्रवासी जहाजे निघाली, तेव्हा वाटेतल्या चाच्यांच्या भयाने त्यांच्या सोबतीला मुंबईहून दोन युद्धनौका धाडाव्या लागल्या. एक आपल्या माझगावात बांधलेली ‘मुंबई’, दुसरी ‘तरकश’. तरकश म्हणजे बाणांचा भाता!

“चाचे नुसत्या सद्हेतूने पळत नाहीत, हे कबूल,” मास्तर म्हणाले. “पण नुसते वाचवायलाच म्हणून आपण जहाजे किती बांधली?”

मला डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवली. तेव्हा इंडोनेशियाला ‘निरूपक’ गेले होते, रुग्णालय होऊन. नाव कीर्तनकाराला शोभेल असे, पण मूळ काम समुद्राची मापे घेण्याचे. म्हणजे तेही उसनेच.

मास्तरांचा प्रश्न मला पुरता खोडता आला नाही, तसा तो पुरता पटलाही नाही. हाक ऐकल्यावर जोडे शोधू लागणारी दया उशिरा पोचते. युद्धनौकेवर इंधन भरलेले असते, माणसे जागी असतात आणि वादळातही हुकूम ऐकण्याची सवय त्यांच्या अंगी मुरलेली असते. बुडणाऱ्याला हवी असते ती ही तयारी. ती कोणत्या हेतूने केली होती, हे तो विचारीत नाही. पण किनाऱ्यावरच्या आपण विचारायला नको का? तयारीसाठी आपली थैली सुटते ती भीतीच्या नावाने. दया मग त्याच तिकिटावर प्रवास करते.

आमच्या सोसायटीच्या सभेत हेच घडले. रात्रीचे दोन रखवालदार आणि चार कॅमेरे पाच मिनिटांत मंजूर झाले. मास्तरांनी एक स्ट्रेचर घ्यावा असे सुचवले. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि विषय पुढच्या वर्षावर गेला.

गेल्या आषाढात मास्तरच न्हाणीघरात घसरून पडले. मध्यरात्र, लिफ्ट बंद. त्या दोन रखवालदारांनीच त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवले.

परवा मी हसत विचारले, “मास्तर, आता सुरीला काय म्हणायचे?”

“आधी त्या दोघांना फराळाचे ताट देऊन या,” मास्तर म्हणाले, “चकल्या जरा जास्त घाला. आणि हे पाहा, स्ट्रेचरचा ठराव मी यंदा पुन्हा मांडतो आहे. अनुमोदन तुम्ही द्यायचे.”